ठाण्याहून अंदमानला : बदलीबरोबर बेटावर संसार मांडणाऱ्यांसाठी

नौदल, लष्कर, वायुदल किंवा तटरक्षक दलातल्या जोडीदाराची बदली अंदमान-निकोबारला झाल्याचे कळले, की ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत सर्वप्रथम विचारले जाणारे प्रश्न बहुधा पर्यटकांचे असतात. सेल्युलर जेल घरापासून किती लांब आहे, हॅवलॉकचा समुद्र फोटोत दिसतो तितका निळा असतो का, आणि आम्ही कधी यायचे, हे ते प्रश्न. घर चालवणाऱ्या व्यक्तीपुढचे प्रश्न निराळे असतात आणि ते विचारायला हवे होते हे अनेकींना तिथे पोहोचल्यावरच उमगते. पुढचा मजकूर त्या प्रश्नांसाठी आहे. मी बहुतेक ठिकाणी ‘पत्नी’ असे गृहीत धरले आहे, कारण आजही बहुसंख्य घरांत चित्र तसेच असते. गणवेशातल्या स्त्रियांबरोबर जाणाऱ्या पतींनाही यातले जवळजवळ सारे लागू पडते.

ठाण्यात घरातली वस्तू संपली, की आपण खाली उतरून ती आणतो किंवा फोनवरून मागवतो. बेटावरचा दिनक्रम सूर्य, पाऊस आणि जहाज ठरवतात, दुकान त्यांच्यामागून येते. ही अदलाबदल जितक्या लवकर अंगवळणी पडेल तितके पहिले वर्ष सोपे जाते.

पायरी पहिली : नेमके कोणते बेट, हे आधी विचारून घ्यावे

‘अंदमानला बदली’ हे शब्द घर हलवण्याच्या दृष्टीने अपुरे आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेली अंदमान-निकोबार कमांड ही तिन्ही दलांची एकत्रित कमांड असून तिचे मुख्यालय पोर्ट ब्लेअर येथे आहे. या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये ‘श्री विजयपुरम’ असे जाहीर झाले, परंतु बोलण्यात जुने नावच अधिक ऐकू येते. नौदलाचा तळ आयएनएस जारवा, नौदलाचा हवाई तळ आयएनएस उत्क्रोश आणि नौदलाचे रुग्णालय आयएनएचएस धन्वंतरी ही सारी याच शहरात आहेत, आणि लष्कराची छावणी शहरालगत बिर्चगंज येथे आहे. येथे बदली झाली असेल तर शाळा, रुग्णालय, विमानतळ आणि बाजार हे सर्व आवाक्यात राहते.

बदली उत्तरेला दिगलीपूरजवळच्या आयएनएस कोहासा येथे, निकोबारमधल्या कामोर्ट्या बेटावरच्या आयएनएस कार्दीप येथे, कार निकोबारच्या वायुदल तळावर किंवा दक्षिणेच्या टोकाला कॅम्पबेल बे येथील आयएनएस बाज येथे असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. पोर्ट ब्लेअर ते कॅम्पबेल बे हे अंतरच सुमारे पाचशे किलोमीटरचे आहे आणि मध्ये समुद्र आहे. अशा ठिकाणी कुटुंबासाठी निवासस्थान मिळते का, मिळत असल्यास किती महिन्यांनी, मुलांच्या इयत्तेची शाळा आहे का, आणि गरोदरपण किंवा दीर्घ आजार असेल तर तिथे राहण्याची परवानगी आहे का, हे जोडीदाराकरवी युनिटला आधीच विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर कुटुंबाने पोर्ट ब्लेअरला किंवा ठाण्यातच राहण्याचा निर्णय घेण्यात काहीही कमीपणा नाही. ‘नवरा तिकडे आणि ही माहेरी’ असे बोलणारे नातेवाईक दुर्दैवाने असतात. त्यांना ना शाळेचा दाखला काढायचा असतो, ना रात्री दवाखाना गाठायचा असतो.

पोर्ट ब्लेअरला जातानाही जोडीदाराने आधी जाऊन निवासस्थानाच्या यादीत नाव लावणे आणि क्वार्टर ताब्यात आल्यावर कुटुंबाने जाणे हाच सामान्य क्रम असतो. मधले महिने लहान मुलांसह भाड्याच्या घरात काढायचे, की ठाण्यात राहून शाळेचे वर्ष पूर्ण करायचे, हे प्रत्येकीने आपापल्या परिस्थितीनुसार ठरवावे. मुलाची परीक्षा चार महिन्यांवर आली असेल तर मी थांबण्याचाच सल्ला देईन.

पायरी दुसरी : ठाणे सोडण्यापूर्वीची कागदपत्रे

नवविवाहित असाल तर महापालिकेतली विवाहनोंदणी आणि तिच्या आधारे युनिटमधली नोंद हे पहिले काम होय. या नोंदीच्या अधिकृत कागदाला लष्करात पार्ट टू ऑर्डर म्हणतात, नौदलात जेनफॉर्म. ती झाल्याशिवाय डिपेंडंट कार्ड, कॅन्टीन कार्ड, रुग्णालयातले उपचार आणि प्रवासाचे हक्क यांतले काहीही सुरळीत सुरू होत नाही. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहते, आणि ही तफावत समुद्रापलीकडून दुरुस्त करणे फार जिकिरीचे ठरते.

बँकेचे एक खाते संयुक्त आणि दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे असावे. ठाण्यातले घर भाड्याने द्यायचे असल्यास करार, पोलीस पडताळणी आणि सोसायटीची पत्रे यांसाठी विश्वासातल्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. ठाण्यात बऱ्याच घरांत पाइपचा गॅस असतो आणि सिलिंडर केव्हाच परत केलेला असतो. बेटावर मात्र सिलिंडरच वापरायचा असल्याने नव्या जोडणीसाठी कोणती कागदपत्रे लागतील याची चौकशी निघण्याआधी करावी.

बदली अनुदानाविषयीही जोडीदाराला विचारून ठेवावे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनुसार हे अनुदान सर्वसाधारणपणे मूळ वेतनाच्या ८० टक्के असते, तर अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथे जाताना किंवा तेथून परतताना १०० टक्के. सामान हलवण्याचा खर्च खरोखरच मोठा असतो, म्हणून हा फरक हिशेबात धरावा.

पायरी तिसरी : सामान कमी करावे, मगच बांधावे

सामान ठाण्याहून ट्रकने चेन्नईला आणि तिथून जहाजाने कंटेनरमधून पोर्ट ब्लेअरला जाते. चेन्नईपासूनचे सागरी अंतर सुमारे १,१९० किलोमीटर आहे. प्रवासी जहाजाला अडीच-तीन दिवस पुरतात, परंतु कंटेनर भरणे, बंदरात पाळी येणे आणि उतरवणे यांत मालाला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून विमानात बरोबर नेण्याच्या बॅगा अशा भराव्यात की मागचे सामान महिनाभर आले नाही तरी घर चालेल: एक कुकर, तवा, दोन पातेली, चादरी, मुलांची पुस्तके, सर्व औषधे आणि सर्व मूळ कागदपत्रे. मूळ कागदपत्रे कंटेनरमध्ये कधीही टाकू नयेत.

काय नेऊ नये याची यादी मी आग्रहाने आधी करायला सांगेन. प्लायवूडचे किंवा भुशाच्या फळ्यांचे फर्निचर दमट हवेत फुगते आणि त्याचे कोपरे सुटतात. चामड्याच्या चपला, पर्स आणि पट्टे यांवर पावसाळ्यात बुरशीचा हिरवट थर बसतो. भारी पैठण्या आणि जरीच्या साड्या आईकडे किंवा सासूबाईंकडे ठेवाव्यात; समारंभासाठी दोन-तीन पुरेत आणि त्याही मलमलच्या कापडात गुंडाळून, महिन्यातून एकदा उन्हे दाखवून वापराव्यात. सुती आणि लवकर वाळणारे कपडे जितके न्याल तितके थोडेच. छत्र्या, रेनकोट, प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे, स्टीलचे कपाट आणि चांगल्या प्रतीची कपडे वाळत घालण्याची घडीची स्टँड मात्र अवश्य न्यावीत.

गाडीचा प्रश्न स्वतंत्र आहे. एमएच ०४ किंवा एमएच ४३ क्रमांकाची गाडी नेता येते, परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वापरायची असल्यास तिथे पुनर्नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे असते. नवीन गाडी घ्यायचीच असेल तर २०२१ पासून सुरू झालेल्या, देशभर चालणाऱ्या बीएच (भारत) क्रमांक-मालिकेसाठी संरक्षण दलांतील कर्मचारी पात्र आहेत, त्यामुळे पुढच्या प्रत्येक बदलीत हा खटाटोप वाचतो. पोर्ट ब्लेअर चढउतारांचे, अरुंद रस्त्यांचे शहर आहे, आणि खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. माझ्या मते मोठी गाडी विकून तिथे जुनी स्कूटर घेणे शहाणपणाचे.

पायरी चौथी : घड्याळ लावून घेणे

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो वेळेचा, आणि याविषयी आधी कोणी सांगत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ठाणे त्याच्या पश्चिमेला सुमारे ७३ अंशांवर आहे, तर पोर्ट ब्लेअर पूर्वेला ९२.७ अंशांच्या आसपास. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यात सुमारे एक तास वीस मिनिटांचे अंतर पडते, घड्याळ मात्र एकच राहते. त्यामुळे जूनमध्ये तिथे पहाटे पाचच्या आधी उजाडते आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा ठाण्यात सूर्यास्ताला अजून दीड तास असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तर पाच वाजताच काळोख पडतो.

याचे परिणाम लहानसहान असले तरी रोज जाणवतात. मुलांच्या शाळा आणि कार्यालये लवकर सुरू होतात. दुपारचे खेळणे साडेतीनलाच सुरू करावे लागते, नाहीतर मुले अंधारात घरी येतात. कपडे सकाळी सहाला वाळत पडलेले असले पाहिजेत. रात्रीचे जेवण सातला आणि झोप साडेनऊला, हे वेळापत्रक शरीराला मानवते. ठाण्याच्या सवयीने अकरापर्यंत जागून पहाटे पाचच्या उन्हात डोळे उघडले, तर दोन आठवड्यांत चिडचिड सुरू होते. खिडक्यांना जाड, गडद पडदे लावावेत. माहेरच्या मंडळींनाही समजावून सांगावे की रात्री दहाला केलेला फोन आपल्याला मध्यरात्रीसारखा वाटतो.

पायरी पाचवी : स्वयंपाकघर आणि बाजार

पोर्ट ब्लेअरमध्ये उपाशी कोणी राहत नाही, हे आधी स्पष्ट करते. अबर्डीन बाजार, गोलघर आणि जंगलीघाट या भागांत सर्व प्रकारची दुकाने आहेत आणि कॅन्टीनमध्ये किराणा मिळतो. नारळ, केळी, पपई, सुपारी, पालेभाज्या आणि काही फळभाज्या बेटांवरच पिकतात. कांदे, बटाटे, लसूण, सफरचंदे, डाळी आणि बहुतेक डबाबंद माल मात्र मुख्य भूमीवरून येतो, आणि समुद्र खवळला, की त्याचे भाव चढतात किंवा माल दिसेनासा होतो. ‘जहाज लागले का?’ हा प्रश्न तिथल्या भाजीवाल्याला विचारायला लवकर शिकावे. सरकारी दैनिक ‘द डेली टेलिग्राम्स’मध्ये जहाजांच्या वेळा छापून येतात, त्यांवर एक नजर टाकण्याची सवय उपयोगी पडते.

साठवणुकीचा नियम असा ठेवावा: तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा आणि दुधाची पावडर किंवा टेट्रा पॅक किमान तीन आठवड्यांचे, आणि कणीक, रवा, बेसन, पोहे मात्र पंधरा दिवसांहून अधिक नको. पीठांत दमट हवेत किडे आणि जाळी फार लवकर होतात. फ्रीजमध्ये जागा असल्यास रवा व बेसन तिथेच ठेवावे. मिठाच्या डब्यात तांदळाचे दाणे टाकण्याची आजीची युक्ती तिथे वर्षभर लागते. लोणचे काचेच्या बरणीत, वर तेलाचा थर ठेवून आणि कोरड्या चमच्यानेच काढावे.

ठाण्याहून काय न्यावे याविषयी सांगायचे, तर आपला मसाला. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, आमसुले, थालिपिठाची भाजणी आणि मोदकाची पिठी या वस्तू तिथे सहज मिळतील असे धरून चालू नये. जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा वाशीच्या एपीएमसी बाजारातून घेऊन, एक किलोच्या मोठ्या पाकिटांऐवजी शंभर-दोनशे ग्रॅमची हवाबंद पाकिटे करून न्यावीत, म्हणजे एक उघडले तरी बाकीची टिकतात. सुके खोबरे मात्र विमानाच्या सामानात चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते. सुरक्षा तपासणीत ते काढून ठेवायला लावतात. नारळ तिथे मुबलक असल्याने ओल्या खोबऱ्यावर स्वयंपाक वळवणे सोपे पडते.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सुरमई, टुना, तांबोशी, गोब्रा, खेकडे आणि कोळंबी ताजी मिळतात. ओल्या बोंबलांची आशा मात्र सोडावी, आणि सुके बोंबील न्यायचे असतील तर विमानातल्या सहप्रवाशांची दया येऊन तरी तिहेरी पिशवीत बांधावेत. शाकाहारी घरांना सुरुवातीचे काही महिने भाज्यांचे वैविध्य कमी वाटते. कडधान्यांना मोड आणण्यासाठी त्या हवेसारखी हवा नाही, त्यामुळे मटकी, मूग, वाल आणि चवळी यांचा साठा भरपूर ठेवावा. गच्चीत किंवा अंगणात मिरची, कढीपत्ता, अळू आणि लाल माठ लावले तर चांगले येतात. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी रोपे फस्त करतात, त्या संध्याकाळी वेचून काढाव्या लागतात आणि उघड्या हातांनी उचलू नयेत.

ऑनलाइन खरेदीबाबत एवढेच सांगते, की ७४४ ने सुरू होणारा पिन कोड टाकून वस्तू पोहोचते का हे आधी पाहावे आणि वाढदिवसाची भेट महिनाभर आधी मागवावी.

पायरी सहावी : पाणी, वीज आणि दमट हवा

नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मेच्या उत्तरार्धात, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तीन आठवडे आधी पोहोचतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत चालू राहतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत पाणीटंचाई होते, कारण शहराचा मुख्य भार धनीखारी धरणावर आहे आणि डोंगराळ बेटावरचे पाणी वेगाने समुद्राला मिळते. सरकारी निवासस्थानांचे पाणी आणि वीज एमईएसकडे, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी सेवेकडे असते. क्वार्टर ताब्यात घेताना, म्हणजे मार्च-इनच्या वेळी, टाकीचा आकार, गळती, खिडक्यांच्या जाळ्या आणि गीझर तपासून प्रत्येक दोष यादीत लिहून घ्यावा, नाहीतर निघताना त्याचे पैसे आपल्याकडून मागितले जातात. वीज मोठ्या प्रमाणात डिझेलच्या जनित्रांवर तयार होते. विजेच्या दाबातल्या चढउतारांपासून फ्रीजला वाचवण्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावा.

कपाटांची दारे दिवसातून काही वेळ उघडी ठेवावीत आणि पुस्तके भिंतीला चिकटवून रचू नयेत. कॅमेरा, मुलांच्या पदव्या आणि लग्नाचा अल्बम या तीन गोष्टींसाठी सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा हवाच.

पायरी सातवी : आरोग्य, किडे आणि समुद्र

सैन्याच्या कुटुंबांसाठी मिनी बे येथील धन्वंतरी रुग्णालय आणि सर्वांसाठी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय ही दोन मुख्य ठिकाणे आहेत. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला चेन्नई किंवा कोलकाता अशा ठिकाणी पाठवावे लागते, म्हणून दातांची कामे, चष्म्याचे नंबर, स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी आणि मुलांची लसीकरणे ठाण्यातच उरकून जुने सर्व अहवाल एका फाइलमध्ये बरोबर न्यावेत. रोजची औषधे तीन महिन्यांची ठेवावीत. गरोदर असल्यास बाळंतपण कुठे करायचे हे सहाव्या महिन्यापर्यंत पक्के करावे, कारण शेवटच्या आठवड्यांत विमान कंपन्या प्रवास करू देत नाहीत आणि जहाजाचा तीन दिवसांचा प्रवास त्या अवस्थेत कोणी सुचवणार नाही.

डेंग्यू आणि मलेरियाचे डास आपल्याला नवे नाहीत. नवी आहे ती तिथली गोम. अंदमानातली मोठी विषारी गोम चावली तर वेदना भयंकर होतात, आणि ती ओल्या कोपऱ्यांत, बुटांत, पायपुसण्याखाली आणि कधी अंथरुणातही सापडते. बूट झटकूनच घालावेत, पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवावा, मोरीच्या जाळ्या रात्री झाकाव्यात. नाग आणि मण्यार यांच्या खास अंदमानी जातीही तिथे आहेत, तेव्हा रात्री टॉर्चशिवाय आवारात फिरू नये.

समुद्राविषयी कोकणातली किंवा अलिबागची सवय उपयोगाची नाही. तिथल्या खाड्यांत आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, आणि शहराजवळच्या कॉर्बिन्स कोव्ह किंवा वंडूरसारख्या ठिकाणी तशा सूचनाही लावलेल्या आहेत. जिथे स्थानिक लोक पोहत नाहीत तिथे आपण पाण्यात उतरू नये, आणि खारफुटीच्या कडेला मुलांना खेळू देऊ नये. वाळूतल्या बारीक माश्या चावल्यावर खाज आठवडाभर राहते. किनाऱ्यावर जाताना पाय झाकणारे कपडे आणि खोबरेल तेल हा सोपा उपाय.

बेटे भूकंपाच्या सर्वांत धोकादायक पट्ट्यात येतात आणि लहान हादरे अधूनमधून जाणवतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाची तीव्रता ९.१ होती; त्यानंतरच्या सुनामीत कार निकोबारच्या वायुदल तळावर जवान आणि त्यांचे कुटुंबीयही दगावले, आणि दक्षिण अंदमानातली काही शेतजमीन जमीन खचल्याने कायमची पाण्याखाली गेली. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र कार्यरत आहे. तरीही जोराचा हादरा बराच वेळ टिकला आणि आपण किनाऱ्यालगत असलो, तर सूचनेची वाट न पाहता लगेच उंचावर जावे. आपल्या क्वार्टरजवळची उंच जागा कोणती, शाळा मुलांना कुठे नेते आणि दोघांचे फोन बंद पडले तर कुठे भेटायचे, हे पहिल्याच आठवड्यात पायी चालून पाहावे. दाराजवळ एका जलरोधक पिशवीत कागदपत्रांच्या प्रती, टॉर्च, औषधे, पाणी आणि थोडी रोकड ठेवावी.

पायरी आठवी : शाळा आणि आपले स्वतःचे काम

बेटांवरच्या शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत. पोर्ट ब्लेअरमध्ये केंद्रीय विद्यालये आहेत, तसेच नेव्ही चिल्ड्रन स्कूलही आहे. राज्य मंडळाच्या शाळेतून मूल नेत असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे तिथल्या शाळेला विचारून, लागत असल्यास ठाण्यातूनच घेऊन निघावे. मराठी हा विषय सुटेल. घरी रोज अर्धा तास मराठी वाचन ठेवले नाही, तर तीन वर्षांनी मूल आजीशी हिंदीत बोलते. शेजारी तमिळ, बंगाली, तेलुगू आणि मल्याळी कुटुंबे असल्याने खेळाच्या मैदानावर हिंदीच चालते.

नोकरी करणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२० नंतर परिस्थिती बरीच सुधारली आहे. त्या महिन्यात चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली आणि उपग्रहावरचे परावलंबन संपले. घरून काम करणे शक्य आहे, परंतु वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे की संध्याकाळी सहाची बैठक आपल्यासाठी अंधारातली असेल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे बाळगावीत. शिक्षिकांना खाजगी शाळांत संधी मिळते; स्थानिक प्रशासनाच्या नोकऱ्यांत तिथल्या रहिवाशांना प्राधान्य असते, तेव्हा त्या भरवशावर इथली नोकरी सोडू नये. बँकेत किंवा केंद्र सरकारच्या खात्यात असाल तर जोडीदाराच्या ठिकाणी बदली मागण्याचा अर्ज हुकूम हाती येताच द्यावा.

पायरी नववी : तो सेलिंगला गेल्यावर

जहाजावर नेमणूक असेल तर महिन्यातले बरेच दिवस घरात एकटीनेच काढायचे असतात, आणि परत येण्याची तारीख बदलत राहते. ही तारीख, जहाजाचे नाव आणि ठिकाण व्हॉट्सॲपवरच्या ठाण्यातल्या कौटुंबिक समूहावर टाकू नये. आईला काळजी वाटते म्हणून सांगितलेली गोष्ट मामेभावापर्यंत आणि तिथून कुठवर जाईल याचा नेम नसतो. बंदर, धावपट्टी किंवा तळाच्या आवारातले फोटोही समाजमाध्यमांवर नकोत. घरच्यांना एवढेच सांगावे की तो कामावर आहे आणि आल्यावर फोन करील.

जोडीदार निघण्यापूर्वी गॅसची तारीख, विमा, गाडीची चावी, युनिटमधल्या ज्या व्यक्तीला अडचणीत फोन करायचा तिचा क्रमांक आणि बँकेचे पासवर्ड यांची एक वही तयार असावी. शेजारधर्म तिथे खरोखर पाळला जातो. रात्री मुलाला ताप आला तर समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी स्कूटर काढतात, आणि उद्या त्यांच्या घरी तोच प्रसंग आला तर आपण काढायची असते. नेव्ही, आर्मी आणि एअर फोर्सच्या पत्नी-कल्याण संघटनांच्या कार्यक्रमांना सुरुवातीला तरी जावे. काही ठिकाणी नवऱ्याच्या हुद्द्यावरून बसण्याची जागा ठरते, याचा मला मनापासून कंटाळा आहे, परंतु शिवणवर्गात आणि बाळाच्या बारशात ही उतरंड आपोआप गळून पडते, आणि खऱ्या ओळखी तिथेच होतात.

सणांची चिंता करू नये. गणपतीला मराठी घरे एकमेकांना शोधून काढतात, दुर्गापूजेला बंगाली शेजारी बोलावतात आणि पोंगलला समोरच्या घरातून गोड भात येतो. आठवड्यातून एकदा ठाण्याच्या घरच्यांशी व्हिडिओवर बोलणे ठरलेल्या वेळी ठेवावे. रोज तासभर बोलत राहिल्यास अंगाने बेटावर आणि मनाने नौपाड्यात अशी अवस्था होते, आणि नव्या ठिकाणी जम बसायला दुप्पट काळ लागतो. पहिल्या पावसाळ्यात उदास वाटणे सर्रास आढळते. ते महिनाभर टिकले, झोप आणि भूक गेली, तर रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पायरी दहावी : पाहुणे, आणि परतीची तयारी

नातेवाईक येणारच, आणि बहुधा सगळे डिसेंबरमध्ये. त्यांना आधी सांगावे की तळाच्या आवारात प्रवेशासाठी ओळखपत्रांच्या प्रती अगोदर द्याव्या लागतात, आणि निकोबार बेटांवर जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रशासनाचा पास लागतो. बाराटांग बेटाकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे जिरकाटांगच्या तपासणी नाक्यापासून ठरावीक वेळीच ताफ्याने जाता येते. वाटेत थांबणे, फोटो काढणे किंवा कोणाला खाऊ देणे हा १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली गुन्हा आहे. जोडीदाराच्या नोकरीवर अशा प्रकरणाचा डाग लागू नये म्हणून मामांना हे जरा कडक शब्दांत बजावावे. हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप आहे. बोटींची तिकिटे या नावांनी शोधावीत आणि गर्दीच्या महिन्यांत ती आधीच काढावीत.

परतीच्या बदलीचा हुकूम आला, की कंटेनरची नोंदणी, गाडीचे ना हरकत प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला ही तीन कामे त्याच आठवड्यात सुरू करावीत, कारण तिन्हींना वेळ लागतो. मार्च-आउटपूर्वी मार्च-इनची ती जुनी दोषयादी शोधून ठेवावी. मुलांच्या खणांतून, खिशांतून आणि कंपासपेट्यांतून गोळा झालेले शिंपले व प्रवाळाचे तुकडे काढून टाकावेत. प्रवाळ, मग ते मेलेले का असेना, आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान तपासले जाते. शंखाच्या वस्तू भेट म्हणून न्यायच्याच असतील तर सागरिका या सरकारी विक्री केंद्रातून पावतीसह घ्याव्यात आणि ती पावती हातातल्या पर्समध्ये ठेवावी, चेक-इनच्या बॅगेत नको.